मामांचे वाफे, मामीची रोपं

आमच्या मामांना कौतुक आवडायचं. तसं ते सगळ्यांनाच आवडतं, पण मामांना ते जेवणातल्या मिठासारखं लागायचं. नसलं तर घास गिळायचा नाही.

त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दर्शनी भागात आरसा आणि फ्रेमांची मांडणी, मागच्या अंधाऱ्या खोलीत काचा घासायचं यंत्र. काम इतकं बारीक, की फ्रेममध्ये काच बसवताना श्वाससुद्धा रोखून धरायचे. पण त्या धंद्यात कौतुक कमी. चष्मा नीट बसला की लोक चष्म्याला विसरतात, आणि नाही बसला की तेवढी चष्मेवाल्याची आठवण येते. मामा म्हणायचे, "माझ्या हातामुळे अर्धं गाव वाचतंय, पण एकाच्या तोंडून शब्द निघेल तर शपथ!"

म्हणून ते कौतुकाची सगळी भूक घरामागच्या बागेत भागवायचे.

माझी त्या गावात बदली झाली आणि मी मामा-मामींच्या वरच्या खोलीत राहायला गेले, तेव्हा मला हे सगळं जवळून बघायला मिळालं. उन्हाळा संपत आला तरी उकाडा हटत नाही, असे ते दिवस. सगळी गल्ली पडदे ओढून पंख्याखाली पडलेली असायची आणि आमचे मामा जेवणाच्या टेबलावर भलामोठा कागद पसरून थंडीतल्या भाज्यांचा बेत आखत बसायचे. मागच्या वर्षी कोबी होता तिथे यंदा मटार. जिथे ऊन उशिरा येतं तिथे पालक. गाजर पायऱ्यांजवळ, कारण तिथली माती भुसभुशीत. थंडी कधी पडेल याचा अंदाज बांधायचा आणि तिथून उलटं मोजत यायचं, म्हणजे बी कधी टाकायचं ते कळतं. "लोकांना थंडी पडल्यावर फ्लॉवर आठवतो," मामा म्हणायचे, "तोवर गाडी सुटलेली असते. फ्लॉवरचा विचार घाम पुसत पुसत करायचा असतो."

मग बिया ट्रेमध्ये पडायच्या आणि उकाडा ओसरला की एका रविवारी रोपं वाटली जायची. सगळी गल्ली डबे, टोपल्या, जुन्या बादल्या घेऊन फाटकाशी यायची. मामा ठेवणीतली टोपी घालून एकेकाला रोपं द्यायचे, वर दोन शब्द सुनवायचे. "गेल्या वर्षी तुम्ही पाणी घालून घालून मारलंत. यंदा जरा दया करा." लोक हसायचे, मान डोलवायचे. तो एक दिवस मामांना वर्षभर पुरायचा.

मामीचा या सगळ्याशी संबंध नव्हता, म्हणजे ठेवलेला नव्हता. लग्न झाल्या झाल्या तिने एकदा गवत समजून गाजराची कोवळी रोपं उपटून टाकली होती. तेव्हापासून मामांनी तिला बागेत कोथिंबीर खुडण्यापलीकडे हात लावू दिला नाही. "तुझा हात जड आहे," एवढं बोलून विषय मिटवायचे. मामीलाही वेळ नव्हता. ती मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. अख्खी नोकरी तिने कानाला यंत्र लावून, घाबरलेल्या माणसांना योग्य वॉर्डात जोडून देण्यात घालवली. तिचा आवाज गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता, चेहरा फार थोड्यांच्या. तिचा एकच अभिमान होता. "चुकीचा नंबर माझ्या हातून कधी जोडला गेला नाही," ती म्हणायची. हेही ती क्वचितच बोलायची, आणि मामा पेपर वाचत असायचे.

मी राहायला गेले त्यानंतर दोन वर्षांनी मामी निवृत्त झाली. आणि त्याच वर्षी, वाफ्यांवर सावलीची जाळी बांधताना, मामा स्टुलावरून पडले.

उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. दुकान भाच्यावर, म्हणजे माझ्या मावसभावावर सोपवलं. दुकानाचं दुःख मामांना फारसं झालं नाही. पण बियांची पाकिटं टेबलावर येऊन पडली होती आणि कागद कोरा होता.

"जाऊ दे," मामा म्हणाले. "यंदा वाफे मोकळे राहतील. जमिनीलाही विश्रांती लागते."

"मी लावते की," मामी म्हणाली.

मामा असे हसले की मला मामीची कीव आली. "अगं, बी टाकणं म्हणजे फोन उचलणं नाही."

"फोन उचलणं तरी तुम्हाला कुठे माहीत आहे? घरातला वाजतो तेव्हा 'बघ गं कोण आहे' म्हणून ओरडता. सांगा, मी ऐकते."

मामांनी सांगितलं. खिडकीशी खुर्ची टाकून, डावा हात नाचवत, सकाळ-संध्याकाळ सांगितलं. माती चाळून घे. बी त्याच्या जाडीच्या दुपटीहून खोल नको. पाणी ओतू नकोस, शिंपड. मामी खरंच ऐकायची, "हो" म्हणायची, आणि मग अर्धं त्यांचं आणि अर्धं आपलं करायची.

पहिली ठिणगी पडली ती सॅलडच्या पानांवरून. मामा दरवर्षी सगळे ट्रे मागच्या शेडमध्ये ठेवायचे. पत्र्याची शेड, आत भट्टी. सॅलडच्या पानांचं बी निम्मंसुद्धा उगवायचं नाही. मामा बी विकणाऱ्याला शिव्या द्यायचे आणि पुढच्या वर्षी दुप्पट बी टाकायचे. मामीने ते ट्रे उचलून जिन्याखाली, चपलांच्या कपाटाशेजारी, गार फरशीवर ठेवले आणि वर ओलं गोणपाट टाकलं.

"तिथे कशाला?" मामा ओरडले. "मोकळ्या हवेत ठेव!"

"शेडमध्ये मला पाच मिनिटं उभं राहवत नाही. त्या बियांना तरी का राहवावं?"

थोड्याच दिवसांत मी ऑफिसातून आले तर मामी जिन्याखाली गुडघ्यावर बसलेली. "ये, बघ तरी!" तिने गोणपाट उचललं. ट्रे हिरव्या ठिपक्यांनी गच्च भरला होता, एक खाच रिकामी नव्हती. मी मामांना हाक मारली. ते आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"यंदा बी चांगलं निघालं," ते म्हणाले आणि निघून गेले.

गाजराचंही तसंच झालं. गाजराचं बी आळशी, उगवायला वेळ लावतं, आणि तोवर वरची माती उन्हाने पापडासारखी कडक होते. मामीने ओळीवर जुनी फळी आडवी ठेवली आणि खाली ओल टिकवली. कोंब दिसले तशी फळी काढली. ओळ अशी सरळ उगवली, की शेजारच्या शिवणवाल्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "अहो काकू, ही तर मशीनवर मारलेली शिवण वाटते!"

मामा तेव्हा डाव्या हाताने दाढी करत होते. त्यांनी गाल कापून घेतला.

त्यानंतर घरातली हवा बदलली. लोक पूर्वी फाटकाशी येऊन "काका आहेत का?" विचारायचे. आता "काकू, जरा बघायला येऊ का?" म्हणायला लागले. दूधवाला पातेलं हातात घेऊन जिन्याखाली डोकावून गेला. मामी सगळ्यांना सांगायची, "हे सांगतात तसं करते मी." ती मनापासून सांगायची. पण लोक ते विनय समजायचे आणि तिचं आणखीच कौतुक करायचे. मामांना ते जास्त झोंबायचं. कोणी त्यांच्या हाताची चौकशी केली, तर ती उरकल्यासारखी वाटायची. घराच्या एका टोकाला मामीचं हसू ऐकू आलं, की दुसऱ्या टोकाला मामांच्या कपाळावर आठी.

त्यांनी खुसपटं काढायला सुरुवात केली. "रोपं लांबुडकी झाली आहेत." झाली नव्हती. "हा मुळा वाकडाच येणार." आला सरळ. एकदा मामीने सॅलडची कोवळी पानं खुडून त्यांच्या ताटात वाढली, तर म्हणाले, "कडू आहेत." मी तीच पानं खात होते. मामीने माझ्याकडे बघितलं, मी ताटात बघितलं.

सगळ्यात वाईट झालं ते हॉस्पिटलच्या स्वयंपाकीणबाई आल्या तेव्हा. त्या मामीच्या जुन्या मैत्रीण. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरामागे थोडी जागा होती. तिथे रोग्यांसाठी फ्लॉवर लावायचं त्यांनी वरिष्ठांकडून मंजूर करून घेतलं होतं. "रोपं मात्र तुझ्याकडूनच नेणार," त्या मामीला म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमच्या ऑपरेटरबाईंच्या हातची रोपं आहेत." मामा तिथेच बसले होते. इतकी वर्षं त्यांनी गावाला रोपं दिली, पण हॉस्पिटलने कधी मागितली नव्हती.

पुढचं मला मामांनीच नंतर सांगितलं. त्यांच्या तोंडून ते कसंबसं निघालं.

रोपं वाटायच्या आदल्या दुपारी मामी जुन्या मैत्रिणींकडे गेली होती. मी ऑफिसात. घरात मामा एकटे. अंगणात सावलीत ट्रे ओळीने मांडलेले, उद्यासाठी तयार. कोबी आणि फ्लॉवरची रोपं लहानपणी जुळ्या बहिणींसारखी दिसतात. जाणत्यालाच पानाच्या ठेवणीवरून कळतं, बाकीच्यांना खुणेची काडी बघावी लागते. मामांच्या खुणेच्या काड्या म्हणजे मोडक्या चष्म्यांच्या दांड्या, त्यावर पांढऱ्या रंगाने नाव लिहिलेलं. मामा ट्रेसमोर उभे राहिले. पाणी घालायला आलो असं स्वतःला म्हणत होते. मग डाव्या हाताने त्यांनी 'फ्लॉवर'च्या दांड्या उपटल्या आणि 'कोबी'त खोचल्या. 'कोबी'च्या 'फ्लॉवर'मध्ये. त्यानंतर आत जाऊन त्यांनी हात तीनदा धुतले.

दुसऱ्या दिवशी गल्ली लोटली. टोपी खुंटीवरच होती. मामी साधी, डोक्याला फडकं बांधून, हातात खुरपं. काड्या वाचून ती रोपं देत होती आणि एकेकाला सांगत होती, "फ्लॉवरला जागा जास्त सोडा हं." मामा व्हरांड्यात बसून बघत होते. स्वयंपाकीणबाई दोन खोके भरून रोपं घेऊन गेल्या.

प्लास्टर निघालं. हवा गार झाली. मामा बागेत हिंडायला लागले, पण वाफ्यापाशी फार थांबायचे नाहीत. मामी मात्र रोज आपल्या 'फ्लॉवर'ची पानं उलटून बघायची. "गड्डा धरतोय का हो?" ती विचारायची. "धरेल," मामा म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे. त्यांना दिसत होतं, आत पानावर पान वळायला लागलं होतं. तो फ्लॉवर नव्हता.

एका सकाळी फोन वाजला. मामीने उचलला. पलीकडे स्वयंपाकीणबाई होत्या. मामीचा आवाज आधी नेहमीसारखा होता, मग बारीक झाला. "सगळाच?" तिने विचारलं. "एकही नाही?" तिने फोन ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"हॉस्पिटलात सगळा कोबीच आलाय. तिने फ्लॉवर म्हणून मंजूर करून घेतलं होतं. वरिष्ठ तिला सगळ्यांदेखत बोलले." मग अगदी हळू म्हणाली, "मी चुकीचा नंबर जोडला गं."

त्या दिवशी मामी जेवली नाही. दुपारी शाल घेतली आणि निघाली. ज्यांना ज्यांना रोपं दिली होती त्यांच्या दारात जाऊन सांगायला लागली, "माझी चूक झाली. तुमच्याकडे कोबीच्या जागी फ्लॉवर येईल आणि फ्लॉवरच्या जागी कोबी." लोकांनी हसण्यावारी नेलं. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "एवढं काय त्यात! शिजवून खायचंच आहे ना?" पण मामी ऐकेना. प्रत्येक ठिकाणी वर एक वाक्य जोडत होती. "ह्यांच्या हातून असं कधी झालं नसतं. मी उगाच नसत्या भानगडीत पडले."

ते वाक्य संध्याकाळपर्यंत दुकानात मामांच्या कानावर आलं. दूधवालाच सांगायला आला, आणि सांगताना मामांच्या पाठीवर थापही मारली. "काका, शेवटी जाणता तो जाणताच!" मामांना जे हवं होतं ते नेमकं मिळालं होतं. ते म्हणतात, त्या थापेने पाठ भाजल्यासारखी झाली.

घरी आले तेव्हा मामी टेबलाशी बसून उरलेल्या बियांची पाकिटं बांधत होती. "हे घ्या तुमचं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीपासून मी हात लावणार नाही. तुम्ही म्हणत होतात तेच खरं, हात जड आहे माझा."

मामा उभेच राहिले. "दांड्या मी बदलल्या," ते म्हणाले.

मामीला कळलं नाही. "कसल्या दांड्या?"

"तू बाहेर गेली होतीस तेव्हा. कोबीच्या फ्लॉवरला लावल्या. मुद्दाम."

"मुद्दाम?" मामीने विचारलं. "का?"

मामा म्हणाले, "सगळे तुझ्याकडे यायला लागले होते."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, धड आत नाही, धड बाहेर नाही. वाटलं, आता मामी रडेल किंवा ओरडेल. तिने दोन्ही केलं नाही. हातातलं पाकीट टेबलावर नीट ठेवलं आणि म्हणाली, "माझ्या आयुष्यात एकच गोष्ट होती मिरवायला. तीही तुम्हाला खुपली." आणि आत गेली.

त्यानंतर ती मामांशी बोलेना. जिने जन्मभर परक्यांशी गोड बोलून पगार घेतला, तिने घरच्या माणसाशी मौन धरलं. चहा टेबलावर यायचा, पण 'घ्या' यायचं नाही. निरोप माझ्यामार्फत. "मामांना सांग, पाणी गरम आहे." मामा समोर बसलेले असायचे. "मामीला सांग, ऐकलं मी."

शेवटी मामा स्वतः हॉस्पिटलात गेले. स्वयंपाकीणबाईंना आणि त्यांच्या वरिष्ठांना तोंडाने सांगितलं की चूक बायकोची नाही, कारस्थान माझं आहे. स्वयंपाकीणबाईंनी त्यांना असं झाडलं, की दारातला पहारेकरीही आत डोकावून गेला. मग मामा गल्लीत फिरले, मामी फिरली होती त्याच दारांत. मामी शाल घेऊन गेली होती, मामा मान खाली घालून. लोक पहिल्यांदा हसलेच. चष्मेवाले काका बायकोवर जळले, ही बातमी अशी काही पसरली, की दुकानात चष्मा घ्यायला आलेली माणसंसुद्धा ओठ दाबून बसायची.

एवढं झाल्यावर एका सकाळी मामी बोलली. चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "अर्धे वाफे माझे."

"हो," मामा म्हणाले.

"पायऱ्यांजवळचे."

मामांचा चेहरा पडला. सगळ्यात चांगली माती तीच. "अगं, तिथे गाजर..."

"गाजरच लावणार आहे."

"बरं," मामा म्हणाले. तो होकार त्यांना स्टुलावरून पडण्याइतकाच लागला असावा.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी घरात दोन बागा तयार झाल्या. मधे विटांची ओळ. मला वाटलं होतं, एवढी फजिती झाल्यावर मामा निवळतील. कसले निवळतात! फक्त आता ते उघड जळायचे, एवढाच फरक. मामीचे ट्रे जिन्याखाली गेले तसे मामांनीही शेड सोडली आणि आपले ट्रे न्हाणीघराशेजारच्या गार बोळात नेले. आणि गार जागेची ही युक्ती आपणच शोधून काढली असं सांगत सुटले. सकाळी उठून आधी तिची ओळ बघायचे, मग आपली. तिची एखादी ओळ विरळ उगवली तर त्या दिवशी चहात साखर कमी असली तरी चालायची. मामीही काही कमी नव्हती. त्यांच्या पालकावर कीड पडली तेव्हा "अरेरे" म्हणाली, पण ते "अरेरे" फारच प्रसन्न होतं.

रोपं वाटायच्या रविवारी फाटकाशी दोन टेबलं लागली. गल्लीची पंचाईत झाली. एकाकडे जावं तर दुसऱ्याचं तोंड वाकडं. हळूहळू लोक शहाणे झाले, दोन पिशव्या आणायला लागले. मीही दोन्हीकडून घेतली, ऑफिसातल्या कुंड्यांसाठी, आणि दोघांनाही सांगितलं नाही की कुठली जास्त घेतली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मामा आत आले ते छाती फुगवून. टोपी काढली, पाणी प्यायले, आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणाले, "शिवणवाल्या बाई भेटल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, काका, खरं सांगायचं तर तुमच्या रोपांची सर कशालाच नाही."

मामी ताटं पुसत होती. "हो का?" ती म्हणाली. "मलाही त्यांनी बाजूलाच घेतलं होतं. हेच म्हणाल्या."

मामा खिडकीतून शेजारच्या अंगणाकडे बघायला लागले. तिथे शिवणवाल्या बाई दोन्ही पिशव्यांतली रोपं एकाच वाफ्यात लावत होत्या.

"आधी कोणाला म्हणाल्या?" मामांनी विचारलं.